माणशी सव्वा मूठ

"किती जन शेतस?"

चुलीला काडी लावण्याआधी खानदेशातली बाई हे विचारते. ऐकणाऱ्याला वाटतं, जेवणारे किती ते विचारतेय. पण हाताशी किती जणी आहेत, हेही त्याच प्रश्नात असतं. मांडे, म्हणजे हातावर ताणलेल्या मोठ्या पातळ पुरणपोळ्या, करायचे तर चौघी लागतात, बिबड्यांना, म्हणजे ज्वारीच्या पापडांना, तिघी, भरताला निदान एक जाळ सांभाळणारा आणि एक सोलणारा. एकटीनं होण्यासारखं जे असतं, त्याला इथे रोजचं खाणं म्हणतात; सणाचं खाणं माणसं मोजूनच ठरतं.

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे आणि नाशिकमधला बागलाण-मालेगावचा पट्टा. इंग्रजांनी १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. नंदुरबार तर १९९८ पर्यंत धुळ्यातच होतं. जिल्हे बदलले तरी बोलीच्या हद्दी आपल्या जागी राहिल्या. धुळे, अमळनेर, शिरपूर, बागलाण इकडे अहिराणी. पूर्वेला रावेर, यावल, भुसावळकडे लेवा पाटीदारांची लेवा बोली. सातपुड्यात शिरलं की भिल्लांच्या आणि पावरांच्या बोली. बहिणाबाई चौधरींना सरसकट अहिराणी कवयित्री म्हटलं जातं, ते बरोबर नाही. असोद्याच्या त्या बाईची भाषा लेवा वळणाची. हा फरक बाहेरच्याला किरकोळ वाटेल, इथल्या माणसाला नाही. एका कडेला 'शे' आणि दुसऱ्या कडेला 'आहे', मध्ये फार तर तासाभराची एसटी.

खापरापासून सुरुवात करू, कारण खापर हे या भागाचं खरं भांडं आहे. कुंभार मातीचं मोठं गोल भांडं घडवतो आणि ते चुलीवर पालथं घालून वापरतात. चूल म्हणजे तीन दगड, मधली जागा एरवीपेक्षा रुंद, म्हणजे जाळ खापराच्या मध्यावरच न लागता कडेपर्यंत पसरतो. नवं खापर थेट भडक्या जाळावर ठेवलं तर तडकतं. आधी मंद धगीवर सावकाश तापवून घ्यावं लागतं, आणि तापलेल्या खापरावर पाण्याचा हबका मारायचा नाही. तडकलेलं खापर मांड्याच्या कामाचं राहत नाही. चिरेवर मांडा चिकटतो आणि उचलताना तिथेच फाटतो.

मांड्याची तयारी आदल्या दिवशीची. गहू धुवायचा, ओला असतानाच फडक्यात बांधून ठेवायचा, मग सावलीत जरा सुकवून दळायचा. ओलाव्यानं कोंडा मऊ पडतो आणि दळताना बारीक न होता मोठ्या पापुद्र्यानं सुटतो, मग तो चाळणीत अडकतो. कोरडा गहू दळला की कोंड्याची कुसळं पिठात उतरतात. दळलेलं पीठ चाळणीवर थांबत नाही, पातळ धोतराच्या फडक्यातून गाळतात. हा सोस नव्हे. मांडा ताणला की वर्तमानपत्राच्या कागदाहून पातळ होतो, आणि कोंड्याचा एक कण जिथे असेल तिथे भोक पडतं. पुढे ते भोक कुणाच्या बापाला आवरत नाही.

पुरणाला हरभऱ्याची डाळ आणि गूळ किंवा साखर, वजनाला बरोबरीनं. बरेच जण मांड्याला साखरच घेतात, कारण गूळ पाणी जास्त सोडतो. डाळ पूर्ण शिजली पाहिजे, बोटात दाबली की कणी लागता कामा नये. पाट्यावर वाटताना एक अख्खी डाळ राहिली तर तिचा परिणाम कोंड्यासारखाच. पुरण आणि कणीक सारख्याच मऊपणाची हवी. पुरण घट्ट आणि कणीक सैल असेल तर ताणताना कणीक पुढे पळते, पुरण मध्येच गोळा होऊन बसतं आणि त्याच्या वजनानं मांडा पोटातून फाटतो. चुलीपाशी मग कुणीतरी म्हणतंच, "पुरन जड व्हयनं, मांडा फाटना." हे वाक्य दोन-तीन वेळा ऐकू आलं की पुरणावर दुधाचा हात फिरवून ते सारखं करून घेतात.

कणीक मिठाच्या पाण्यात सैलसर भिजवायची, तेलाचा हात लावून मळायची आणि मग परातीत आपटत राहायची. उचलायची, आपटायची, पुन्हा उचलायची. गोळा हातातून दोरीसारखा लोंबेपर्यंत आणि तरीही न तुटेपर्यंत. त्यानंतर तासभर झाकून ठेवायची. घाई करणारीला ही विश्रांती वायफळ वाटते आणि तिचाच मांडा आखडतो. ताणला की रबरासारखा मागे येतो.

पुढचं काम वाटून घ्यावंच लागतं. एक जण लाटे करते: पुरीएवढ्या दोन पाऱ्या, मध्ये पुरणाचा गोळा, कडा दाबून बंद. दुसरी पिठीवर ताटाएवढं लाटून देते. तिसरी खरी कारागीर. ती बांगड्या कोपरापर्यंत वर सारते किंवा काढूनच ठेवते, नखं कापलेली असतात, आणि लाटलेली पोळी दोन्ही हातांवर घेऊन फिरवायला लागते. तळहातावरून मनगटावर, मनगटावरून कोपराकडे, पुन्हा मागे. ओढायचं नाही, पोळीला तिच्या वजनानंच खाली येऊ द्यायचं आणि हात फक्त फिरत ठेवायचे. बोटांच्या टोकांनी धरलं की संपलं. कडा जाड राहतात म्हणून शेवटचे एक-दोन फेरे कडेच्या दिशेनं. दोन हातांमधून पलीकडचा जाळ दिसायला लागला की ती वळते आणि एका झटक्यात मांडा खापरावर पालथा घालते. या एका हालचालीत सुरकुती पडली तर ती तशीच भाजली जाते, सारखी करायला वेळ मिळत नाही.

चौथी जाळावर. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, पटकन पेटतात आणि पटकन विझतात, त्यामुळे धग हवी तशी कमीजास्त करता येते. जाड लाकडाच्या निखाऱ्यावर हे जमत नाही. खापर किती तापलं हे पिठीची चिमूट टाकून बघतात. पिठी पडताक्षणी काळी झाली तर जाळ ओढून घ्यायचा, पांढरीच राहिली तर आणखी दोन काड्या. एक-दीड मिनिटात मांडा होतो, उलटून दुसरी बाजू दाखवायची आणि गरम आहे तोवर रुमालासारखी घडी घालायची. गार झाल्यावर घडी घालायला गेलं की तुकडे हातात येतात. घडी घातलेले मांडे टोपल्यात कापडावर पसरून ठेवायचे. एकावर एक रचून लगेच झाकले तर वाफेनं चिकटतात आणि सकाळी त्यांचा लगदा सापडतो.

जळगाव-धुळ्यात आता मांडे नगावर विकत मिळतात, लग्नाच्या पंगतीला शेकड्यानं ऑर्डर जाते. करणाऱ्या बायांना त्यातून रोजगार मिळतो, हे चांगलंच. विकतचे मांडे चवीला वाईट नसतात. फक्त त्यांना चारचौघींच्या बोलण्याची सवय नसते.

मांड्यांचा मोठा दिवस आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सासरी गेलेल्या लेकी त्या आठवड्यात माहेरी येतात. पितरांच्या नावानं नवी घागर भरायची, तिच्यावर आंबा किंवा खरबूज ठेवायचं, घास टाकायचा. जुन्या वळणाच्या घरात त्याआधी नवा आंबा चाखत नाहीत, म्हणून आमरस आणि मांडे हे जोडपं आखाजीलाच जमतं. शेतीचं वर्षही याच दिवशी कूस बदलतं. सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीनं राबणाऱ्या शेतगड्याचा, करार आखाजी ते आखाजी असतो. जुना सालदार सुटतो, नवा ठरतो, हिशेब पुरे होतात. म्हणजे एका घरात लेक आल्याचा आनंद आणि शेजारच्या घरात पुढच्या वर्षी कुणाच्या दारी राबायचं याची घालमेल, एकाच दुपारी. या दिवशी पत्त्यांचा डाव पोलिसांनाही फारसा खुपत नाही, असं गावोगाव समजलं जातं.

कडुलिंबाला झोके बांधलेले असतात. झोक्यावर दोघी समोरासमोर उभ्या राहतात, एकीनं गुडघे वाकवले की दुसरी सरळ होते, आणि गाण्याचा ठेका याच वाकण्यावर बसलेला असतो. म्हणून ही गाणी घरात बसून म्हणायला लावली की लय पांगळी होते. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी बायांना सतरंजीवर ओळीनं बसवलं आणि मग 'गाणी जरा संथ आहेत' म्हणून तक्रार केली, असं अनेकदा घडलंय. आखाजीच्या गौराईच्या गाण्यांत माहेरचं कौतुक असतं, तसं सासूचं उणंदुणंही सुरात काढलेलं असतं. बोलून दाखवलं तर भांडण होईल असं बरंच काही गाऊन दाखवता येतं.

भादव्याच्या पुनवेपासून कोजागरीपर्यंत गुलाबाई, पोरींचा गाण्यांचा सण. विदर्भात तीच भुलाबाई. गाणी झाली की डबा हलवून आतला खाऊ ओळखायचा. ज्या पोरीची आई हुशार ती शेंगदाणे फडक्यात बांधून डब्यात ठेवते, म्हणजे आवाज येत नाही.

भरताकडे वळायचं तर थंडीत यावं लागेल. चातुर्मासात वांगं वर्ज्य, आणि मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत आणि रोडग्याचा, म्हणजे भाजलेल्या जाड भाकरीचा, नैवेद्य दाखवला की वाट मोकळी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हिरवट, त्यावर पांढरे फराटे, मोठं आणि आकाराच्या मानानं हलकं. विकत घेताना दोन सारख्या आकाराची वांगी दोन हातांत धरायची आणि हलकं निवडायचं. जड वांग्यात बिया जास्त, आणि जून बियांचं भरीत कडसर लागतं. देठ हिरवा, टवटवीत हवा.

माणशी साधारण अर्धा किलो वांगी धरावी, कारण साल, देठ आणि उडालेलं पाणी गेल्यावर निम्म्याच्या आसपास हाती येतं. शेतात पऱ्हाट्यांचा किंवा तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा ढीग पेटवून त्यावर वांगी मांडतात. आधी काट्यानं चार ठिकाणी टोचून तेलाचा हात लावतात; टोचलं नाही तर आत वाफ कोंडून वांगं फुटतं आणि अर्धा गर राखेत जातो. गॅसवर भाजलेलं भरीत होतं, नाही असं नाही. पण गॅसची ज्योत एकाच बाजूला लागते, वांगं बाहेर कोळसा आणि देठाशी कच्चं राहतं. काड्यांचा जाळ चहूबाजूंनी एकदम येतो, साल काळी होऊन आपोआप सैल होते आणि धुराचा वास गरात मुरतो.

सोलताना पाण्याखाली धरायचं नाही. हात भाजतात म्हणून शहरात वांगं नळाखाली धरतात आणि मग भरताला चव का नाही म्हणून तिखट वाढवत बसतात. बोटं ओली करून गरमच सोलायचं, देठाला धरून गर खाली ओढायचा. मग बडगी. लाकडाचं खोलगट भांडं आणि ठेचायला लाकडाचाच दांडा. त्यात आधी भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण मिठाबरोबर ठेचून घेतात, किलो वांग्याला पन्नास ग्रॅमच्या आसपास मिरच्या, जेवणारे पाहुणे पुण्याचे असतील तर निम्म्या. मग गर टाकून ठेचायचा. ठेचायचा, वाटायचा नाही. मिक्सरमधून काढलं की वांग्याचे धागे तुटतात, गर पाणी सोडतो आणि चटणी होते. वरून तेलात परतलेले अख्खे शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, भरपूर कांद्याची पात, कोथिंबीर. टोमॅटो घालणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही, पण त्यांनी त्याला खानदेशी म्हणू नये.

सोबत कळण्याची भाकरी. चार वाटे ज्वारी, एक वाटा सालीसकट उडीद, मीठ, एकत्र दळायचं. नुसत्या ज्वारीची भाकरी गार झाली की तडकते. उडदाच्या चिकटपणानं कळण्याची भाकरी संध्याकाळपर्यंत मऊ राहते, म्हणून शेतावर न्यायला ती बरी. उडीद जास्त झाला तर मात्र पीठ हाताला चिकटून थापणं अवघड होतं.

लग्नातलं वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी हा प्रकार हजारांच्या पंगतीचा. बट्टीला गहू आणि मका रवाळ दळतात, साधारण चारास एक, त्यात ओवा, हळद, तेल. पीठ बारीक झालं की बट्टी दगड होते, आणि मग ती वरणात कितीही कुस्करली तरी वाटीत गोट्या फिरतात. गोळे वाफवून किंवा भाजून, कापून, तळून वाढायचे. शेवभाजीबद्दल एवढंच: शेव वाढतानाच रश्श्यात पडली पाहिजे. पातेल्यात घालून ठेवली की दहा मिनिटांत पिठलं.

डोंगराकडच्या वाद्यांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात कोकणा आणि भिल्ल आदिवासींच्या गावांत पावरी वाजते. भोपळा, बांबू आणि सांधे बुजवायला मेण, एवढ्यावर उभं असलेलं हे वाद्य. वाजवणारा नाकानं श्वास घेत असताना गालातली हवा सोडत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही आणि नाचणाऱ्यांची फेरी थांबत नाही. मेण उन्हात मऊ होतं आणि सूर निसटतो, म्हणून वाद्य सावलीत टांगतात. होळीआधी पावरांच्या मुलखात भोंगऱ्याचे बाजार भरतात, मोठमोठे ढोल घेऊन गावंच्या गावं येतात. अक्कलकुव्याजवळच्या काठीची होळी पहाटे पेटते. कमरेला भोपळे आणि डोक्याला मोरपिसं लावलेले बुध्या रात्रभर नाचतात. तिथे बघायला जाणाऱ्यांनी कॅमेऱ्याचा झोत नाचणाऱ्यांच्या तोंडावर मारू नये, एवढं तरी पाळावं. व्रत धरलेली माणसं आहेत ती.

सपाटीवर सगळ्यांत जास्त माणसं मोजली जातात ती कानबाईला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही देवी घरोघर बसते. तिच्या रोटासाठी, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांसाठी, गहू घेताना भाऊबंदकीतल्या पुरुषांची मोजणी होते आणि प्रत्येकामागे सव्वा मूठ गहू सुपात पडतो. सुरतेला कापडाच्या कारखान्यात असलेला चुलतभाऊ, पुण्याला कंपनीत असलेला पुतण्या, परवा जन्मलेलं पोरगं, सगळ्यांची मूठ. मोठ्या माणसाच्या मुठीत चाळीस-पन्नास ग्रॅम गहू मावतो. चाळीस पुरुषांची भाऊबंदकी असेल तर दोन-अडीच किलो. मूठ कुणाची, यावर हे माप हलतं, आणि त्यावरून सुपाभोवती दरवर्षी हसणं होतं. गहू पुरुषांच्या नावानं पडतो आणि निवडण्यापासून विसर्जनापर्यंतचं काम बायांच्या हातानं होतं, ही गोष्ट मात्र कुणी हसण्यावारी नेत नाही. कुणी बोलतही नाही.

दळणाचं गिरणीवाल्याला आधी सांगावं लागतं. तो चक्की पुसून-धुवून ठेवतो, एरवीचं बाजरी-मिरचीचं दळण त्या वेळेपुरतं बंद. पूर्वी हे जात्यावरच होई आणि गाण्यांचा निम्मा साठा तिथेच संपे. आता गिरणीच्या आवाजात गाता येत नाही, म्हणून गाणी रात्रीच्या जागरणात सरकली आहेत.

कानबाई म्हणजे नारळ. बऱ्याच घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या जपलेला असतो. त्याला नथ, मणी, कुंकू, साडीचोळी. चौरंगाभोवती केळीचे खांब. नैवेद्याला पुरणपोळी, खीर, कटाची आमटी, हरभऱ्याची डाळ घालून गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. रात्री एक जाणती बाई ओळ टाकते, बाकीच्या ती झेलतात. जाणतीला चाल येणं पुरत नाही. घरातल्या लेकी-सुनांची आणि पोरांची नावं तिला ऐन वेळी ओळीत बसवता आली पाहिजेत, एखादं लांबलचक नाव आलं तर मात्रा सांभाळून तोडता आलं पाहिजे. नाव गाळलं गेलेली बाई दुसऱ्या दिवशी नदीपर्यंत गप्प असते.

सोमवारी सकाळी विसर्जन. कानबाई डोक्यावर घेऊन मिरवणूक निघते, पुढे बँड किंवा डफ, बायांच्या फुगड्या. सुरतेत खानदेशी वस्त्यांमधूनही अशाच मिरवणुका निघतात, नदी तिथेही तापीच.

रोट भाऊबंदांनीच खायचे, आणि दळलेलं पीठ श्रावणी पुनवेच्या आत संपवायचं. त्यामुळे त्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ तेच पीठ मळलं जातं, पोरं कुरकुरतात, आजी फडताळातला डबा हलवून किती उरलं ते बघते. सुरतेचा चुलतभाऊ रजा मिळाली नाही म्हणून आलेला नसतो, पण त्याची सव्वा मूठ दळलेली असते. ती इतरांनी मिळून खायची. एवढं करूनही पुनवेच्या आदल्या संध्याकाळी डब्याच्या तळाशी थोडं पीठ राहिलंच, तर ते भिकाऱ्याला नाही, गुरांना नाही, शेजारी नाही. परसात खड्डा करतात आणि पुरून टाकतात.